पाठ टेकेपर्यंत

पैलवानाची सगळी अब्रू त्याच्या पाठीत असते. पाठ मातीला टेकली की कुस्ती संपली. मग तुम्ही किती दूध प्यायलात आणि किती जोर काढलेत हे कुणी विचारत नाही. मी उंब्रजचा हुसेन, नालबंदाचा मुलगा. बाविसाव्या वर्षापर्यंत ही अब्रू मी बऱ्यापैकी सांभाळून होतो. मग एक आजार असा आला की त्यात माझी पाठ कशालाच टेकेना, आणि ती एकदा टेकावी म्हणून माझ्या आईनं पिराला आणि वस्तादांनी मारुतीला साकडं घातलं.

आजाराचं नाव धनुर्वात. त्याला आता बरीच वर्षं झाली. हे लिहायला बसलो त्याचं कारण असं की नुकताच मसूरकडचा एक माणूस मला शोधत घरी आला. त्याचा मुलगा मिरजेला इस्पितळात याच दुखण्यानं पडला होता. चहा पुढं ठेवला तर त्यानं कपाला हात लावला नाही. त्याला एकच विचारायचं होतं. "त्येला आतनं कळत आसंल का वो काय?"

मी म्हणालो, "सगळं कळतं."

त्यानं पुढ्यातला कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "ह्ये कोन सांगत न्हाई बगा. तुमी लिवून ठिवा." म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, झालेला नालबंद आहे. जे अंगावरनं गेलं तेवढंच सांगेन.

खिळा

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती ते दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं, त्यामुळं रस्त्यावर बैलगाड्या आणि टांगे वाढले होते आणि आमच्या अब्बांना उसंत नव्हती. हमरस्त्याच्या कडेला बसून ते बैलांना पत्र्या आणि घोड्यांना नाल मारत. त्यांच्या हातोडीचा आवाज अर्ध्या गावाला ओळखीचा होता. आमच्या घरी दखनी बोलतात, पण इथं सगळ्यांचं बोलणं मी मराठीतच लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याची उगाच कुस्ती व्हायची.

एका टांग्याच्या घोड्याचा जुना नाल अब्बांनी उपटला. मी घोड्याचा पाय धरून होतो. घोड्यानं हिसडा दिला, मी मागं सरलो, आणि माझी अनवाणी टाच खाली पडलेल्या खिळ्यावर आली. खुरातला जुना, गंजका खिळा. निम्मा आत गेला होता. मी तो गुपचूप ओढून काढला आणि फेकून दिला. रक्त फार आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढं डॉक्टर म्हणाले.

घरी सांगितलं नाही, कारण कुंडलच्या मैदानात माझी कुस्ती ठरली होती. अम्माला टाच दाखवली असती तर ती मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. मी लंगडत तालमीत गेलो आणि पाय वस्तादांच्या पुढं केला.

आमचे ज्ञानू वस्ताद म्हणजे मोठा आडदांड माणूस, कान कुस्तीनं चुरगळलेले, आवाज मात्र बारीक. तालमीचा हौदा, म्हणजे कुस्तीची माती भरलेला खड्डा, हे त्यांचं दैवत. ओढ्याकडची तांबडी माती चाळून आणायची, तिच्यात ताक, तेल, हळद, कापूर, लिंबाचा रस घालायचा आणि रोज खणून वर-खाली करायची. ती माती हातात घेतली की गार लागे आणि तिला वास असा यायचा की खावीशी वाटे. आमच्या तालमीत गुडघा सोलवटो नाहीतर भुवई फुटो, औषध एकच होतं. हौद्यातली माती.

वस्तादांनी माझी टाच मांडीवर घेतली. चिमूटभर माती घेऊन मारुतीचं नाव घेतलं आणि अंगठ्यानं ती भोकात दाबून दाबून भरली. वर चिंधी बांधली. "चार दिसांत मिटंल. ह्या मातीनं तुला वाढीवलाय, ती तुला काय करनार न्हाई." त्यांनी हे प्रेमानं केलं, पोटच्या पोराचं करावं तसं केलं, हे इथंच सांगून ठेवतो. जखम खरंच चार दिवसांत मिटली.

कुंडलची मान

कुंडलला जायच्या दिवशी सकाळी भाकरीचा घास घ्यायला तोंड पुरतं उघडेना. मला वाटलं दाढ धरली. मान ताठरली होती. खरं सांगायचं तर मला त्या ताठरण्याचा आनंदच झाला. मी मनात म्हणालो, एवढ्या दिवसांच्या मेहनतीनं मान तयार झाली.

माझा जोड, म्हणजे समोरचा पैलवान, विट्याकडचा होता, माझ्यापेक्षा वजनानं भारी. त्यानं मला लगेच खाली घेतलं. मग माझ्या मानेत हात घालून मला उलटवायला लागला. एकदा, दोनदा, दहादा. मान हलेना. त्याचा घाम माझ्या पाठीवर टपटपत होता, आणि बघणारी माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी ओरडलं, "मान हाय का उखळातलं मुसळ?" शेवटी तो दमला, त्याची पकड ढिली झाली, आणि मी खालून निघून त्याला चीत केला.

ती मान माझी नव्हती. तेव्हा कुणालाच हे माहीत नव्हतं, मलाही नाही. आजही मैदानातली ती माणसं डोळ्यांपुढं येतात आणि वाटतं, मातीतली एक डोळ्यांना न दिसणारी वस्तू त्या दिवशी माझ्या जागी कुस्ती खेळली आणि शिट्ट्या मी घेतल्या.

डोक्याला फेटा बांधला तेव्हा मी हसलो. ते हसू परत फिरेना. ओठ दोन्हीकडं ताणले गेले आणि तसेच राहिले. वस्ताद पहिल्यांदा कौतुकानं बघत होते, मग म्हणाले, "बास की रं आता हसायचं." मी मान हलवून सांगायला गेलो, तर मान हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात वाकळेवर पडलो होतो. बाहेर अब्बांनी हातोडी उचलली आणि लोखंडावर घाव घातला. त्या एका आवाजासरशी माझं अंग जमिनीवरनं उचललं गेलं. डोकं मागं, टाचा मागं, मध्ये कमान. अम्मा किंचाळली, त्यानं अंग आणखी ताणलं. अब्बा धावत आत आले. हातोडी त्यांच्या हातातच होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग हातोडीकडं बघितलं, आणि ती इतकी हळू खाली ठेवली की मला तिचा आवाज आला नाही.

जखम कुठं आहे

मसूरच्या ठेसनापर्यंत बैलगाडी आणि तिथनं रेल्वेनं मिरज. त्या प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. इंजिनाची शिट्टी दर ठेसनावर झाली आणि दर शिट्टीला माझी कमान झाली. डब्यातल्या एका बाईनं आपलं रडतं पोर घेऊन दारात उभं राहून अर्धा प्रवास केला, माझ्या कानावर रडणं जाऊ नये म्हणून. तिचं नाव मला माहीत नाही.

इस्पितळातले डॉक्टर उंच आणि शांत होते. त्यांनी माझ्या जबड्याला बोट लावलं, पोट दाबून बघितलं. पोट फळीसारखं झालं होतं. ते अब्बांना व्हरांड्यात घेऊन गेले, पण दार उघडं होतं.

"धनुर्वात आहे. जखम कुठं झाली होती?"

"जखम न्हाई झाली सायेब," अब्बा म्हणाले.

"असणारच. आठवून बघा. ती सापडली पाहिजे. विष तिथनं अजून वर चढतंय. सगळं त्याच्यावर आहे."

मला ठाऊक होतं. टाच म्हणायला तीन अक्षरंसुद्धा लागत नाहीत, पण माझे दात एकमेकांत रुतले होते. मी डोळ्यांनी पायाकडं बघत होतो, परत डॉक्टरांकडं बघत होतो, परत पायाकडं. अम्माला वाटलं माझे डोळे फिरायला लागले. ती माझी नजर उतरवायला लागली. डॉक्टरांनी माझं अंग बोट-बोट तपासलं. टाचाही बघितल्या. पण अनवाणी पैलवानाच्या टाचा त्या, भेगाळलेल्या, जाड, मातीनं रंगलेल्या. एक मिटलेलं भोक त्यात काय दिसणार? आयुष्यात तेवढा एकटा मी कधीच पडलो नाही. माझा जीव माझ्या टाचेत होता आणि ते मी सोडून जगात एकाच माणसाला माहीत होतं.

तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आला. कुंडलचा फेटा त्याच्या बगलेत होता, मी तो तालमीतच विसरलो होतो. मला व्हरांड्यातल्या गाडीवर आडवं केलं होतं. आवाज उमटू नये म्हणून गाडीच्या चाकांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. डॉक्टर पुन्हा अम्माला तेच विचारत होते, काटा, काच, बैलाचं शिंग, काहीतरी.

ज्ञानू वस्ताद पुढं झाले. "डाव्या टाचंत हाय सायेब. घोड्याचा खिळा गेल्ता."

"त्याला काय लावलं होतं?"

 आमच्याखेरीज वस्तादांना तिथं कुणी ओळखत नव्हतं. 'मला ठावं न्हाई' म्हणाले असते तर कुणाला काही कळलं नसतं. "म्या माती भरली," ते म्हणाले. "तालमीच्या हौद्यातली. अंगठ्यानं दाबून भरली."

अम्मा त्यांच्याकडं बघत राहिली. ती मोठ्यानं बोलली नाही, तिला तोवर कळलं होतं की मोठ्यानं बोलायचं नाही. "वस्ताद, आमी त्येला तुमच्या हवाली केल्ता."

"व्हय वैनी," ते म्हणाले. 

डॉक्टर रागावले नाहीत. "तुम्ही आलात आणि सांगितलंत, हे फार चांगलं केलंत," एवढं म्हणून ते माझी गाडी स्वतः ढकलत आत घेऊन गेले. टाच कापून उघडली. आत माती तशीच होती, ओली, तांबडी, चिमूटभर. तिथल्या सिस्टर पुढं म्हणाल्या की कापूस लावताना त्या मातीला कापराचा वास येत होता.

अंधारी खोली

हा भाग मी त्या मसूरकडच्या बापासाठी लिहितो.

खोली दिवसाही अंधारी होती. खिडकीला घोंगडी लावलेली, जमिनीवर पोती अंथरलेली, माझ्या कानात कापूस. धनुर्वाताच्या माणसाला उजेड चालत नाही, आवाज चालत नाही, अचानक लागलेला हात चालत नाही. चमचा वाटीला लागला तरी अंग उसळतं. आणि या सगळ्यात माणूस शुद्धीवर असतो. डोकं स्वच्छ असतं. झोपेचं औषध देत, फार उग्र वासाचं, त्यानं गुंगी येई. पण गुंगी उतरली की मी पुरता जागा. उशाशी बसून कुणी "आता काय ऱ्हायलंय" म्हणालं तर तेही ऐकू येतं. एका पाहुण्यानं माझ्यापुढंच माझ्या मातीची बोलणी काढली होती. अब्बांनी त्याला खांद्याला धरून बाहेर नेलं आणि परत येऊ दिलं नाही.

सगुणा सिस्टर मिरजेच्याच होत्या, चाळिशीच्या. त्या अनवाणी यायच्या. हात लावायच्या आधी कुजबुजत सांगायच्या, "हुसेन, आता मी तुझ्या मनगटाला हात लावतेय." मग थोडं थांबायच्या, मगच लावायच्या. ते थांबणं मी जन्मात विसरणार नाही. कापसाच्या बोळ्यानं ओठांवर पाणी सोडायच्या. दातांमधल्या फटीतनं दोन थेंब आत गेले तर मला बादशाही मिळाल्यासारखं वाटे.

अम्मानं हातातल्या काचेच्या बांगड्यांना चिंधी गुंडाळली होती. सिस्टरनी तिला बांगड्या काढायला सांगितल्या होत्या. नवरा समोर जिता असताना काचेच्या बांगड्या काढायच्या कशा, म्हणून तिनं हा मार्ग काढला. अब्बा कोपऱ्यात बसायचे. ज्या माणसाचा सगळा जन्म लोखंडावर घाव घालण्यात गेला तो माणूस पायाच्या बोटांचासुद्धा आवाज करत नव्हता. खोकला आला की तोंडात उपरण्याचा बोळा धरून बाहेर जायचे.

दुखणं कसं असतं? बैलाला पत्री मारताना अब्बा त्याचे पाय दोरानं एकत्र बांधून त्याला पाडत, तो बैल मला आठवायचा. फरक एवढाच की दोर माझ्या अंगातलाच होता. वस्ताद आम्हाला मानेवर आणि टाचांवर अंग तोलून कमान धरायला लावायचे. मी शंभर आकड्यांच्या पुढं कधी टिकलो नव्हतो. आता तीच कमान कुणीतरी माझ्याकडनं धरून घेत होतं आणि आकडे संपत नव्हते. भीती होती, वेदना तर होतीच. श्वास अडकला की मी मनात कलमा म्हणायला लागायचो. पण त्या भीतीच्या आडून एक वेगळीच गोष्ट डोकं वर काढायची. मला नवल वाटायचं. एवढा जोर माझ्या अंगात होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

वस्ताद गावाला परत गेले नाहीत. त्यांना खोलीत यायला बंदी नव्हती, पण ते आले नाहीत. इस्पितळाच्या पायरीवर बसून राहायचे. रोज सकाळी सिस्टर बाहेर गेल्या की दारापाशी येऊन त्यांच्या बारीक आवाजात विचारायचे, "पाठ टेकली का वो बाई?"

"नाही अजून."

रोज हाच प्रश्न आणि हेच उत्तर. अम्मा त्यांच्याशी बोलत नव्हती. पुढं एक दिवस तिनं डबा उघडला, अर्धी भाकरी आणि चटणी फडक्यात बांधली आणि पायरीवर त्यांच्याशेजारी ठेवून परत आली. बोलली तेव्हाही नाहीच.

घोड्याचं औषध

मला रोज सुया टोचत. अब्बांनी एकदा डॉक्टरांना विचारलं की हे औषध कशाचं.

"घोड्याच्या रक्तातलं," डॉक्टर म्हणाले. मला वाटलं आता अब्बा हात जोडून नको म्हणणार.

अब्बा पुढं सरकून बसले. घोडा म्हटल्यावर ते त्यांच्या धंद्यातलं झालं. डॉक्टरांनी हळू आवाजात समजावलं. या रोगाचं विष घोड्याला थेंबाथेंबानं देतात, आज थोडं, मग जरा जास्त. घोड्याचं अंग ते विष ओळखायला शिकतं आणि त्याच्या रक्तात त्यावरचा उतारा तयार होतो. मग थोडं रक्त काढून त्यातला उतारा वेगळा करतात.

"आन घोडा मरतोय का?"

"नाही. चरत असतो. खायला उत्तम मिळतं त्याला."

"आन हा रोग येतोय कुठनं?"

"मातीतनं. शेणातनं, लिदीतनं. त्याचं बी गुराघोड्यांच्या पोटातनं जमिनीत पडतं."

अब्बांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "घोड्याचंच इख, घोड्याचाच खिळा, आन घोड्याचंच आवषिद. कुटलं घोडं आसंल वो सायेब? कुटल्या गावचं?" डॉक्टरांना ते सांगता आलं नाही. अब्बांनी मात्र पुढं मरेपर्यंत नाल मारायला आलेल्या प्रत्येक घोड्याच्या मानेवरनं आधी हात फिरवला आणि मगच पाय उचलला.

गदा

हे बरं झाल्यानंतरचं आहे, पण मध्येच सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी भिंतीला धरून चालायला लागलो तेव्हा डॉक्टरांनी मला आणि वस्तादांना एका खोलीत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावायला सांगितलं. आत रंगवलेल्या बारीक काड्या दिसल्या. प्रत्येक काडीच्या एका टोकाला गोल गाठ.

वस्तादांनी डोळा लावला आणि तसेच राहिले. मग म्हणाले, "सायेब, ही तर गदा हाय."

खरंच गदा होती. आमच्या तालमीतल्या मारुतीच्या खांद्यावर असते तशी, बारीक दांडा आणि वर गोळा. अशा हजार गदा मोहरीच्या दाण्यावर मावतील, असं डॉक्टर म्हणाले. तो गोळा म्हणजे बी. उन्हानं ते मरत नाही, वाळून मरत नाही, पाण्याला नुसती उकळी आली तरी मरत नाही. मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. मोकळ्या हवेत त्याला रुजता येत नाही. आत खोल गाडलं गेलं आणि वरनं तोंड मिटलं की रुजतं. वस्तादांनी आपल्या अंगठ्याकडं बघितलं.

"मग आमचा हौदा इखारी म्हनायचा का?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही. सगळीच माती अशी असते. शेतातली, रस्त्यावरची. अंगाला लागली तर काही करत नाही. जखमेत भरायची नाही."

मग डॉक्टरांनी जे सांगितलं त्याचा विचार मी आजवर करतोय. ते जंतू म्हणे माझ्या टाचेतच बसून होते, एक बोटभरसुद्धा वर सरकले नाहीत. त्यांनी नुसतं विष सोडलं, आणि ते मज्जातंतूंतनं वर चढलं. अख्ख्या गावाला कमी पडणार नाही असलं विष, आणि माझ्या अंगात शिरलं ते सुईच्या टोकावर दिसलं नसतं एवढं. शिवाय त्या विषानं मला जोर दिला नव्हता. जोर माझाच होता. प्रत्येक माणसाच्या अंगात, ओढणाऱ्या स्नायूला 'आता सोड' म्हणून सांगणारी एक व्यवस्था असते. विषानं तेवढीच बंद केली होती.

तालमीत वस्ताद दिवसाकाठी पन्नासदा ओरडायचे, "आंग सैल सोड, हुसन्या, सैल सोड." मला वाटायचं सैल सोडणं म्हणजे काही न करणं. सोडणं हे अंगाचं केवढं मोठं काम आहे, आपण झोपतो, हसतो, घास गिळतो, ते सगळं कुठंतरी काहीतरी सोडल्यामुळं, हे मला एका सुईच्या टोकावरच्या विषानं शिकवलं. माणसाचं अंग असं बांधणाऱ्यापुढं मी त्या खोलीत उभ्याउभ्या मान झुकवली. मान झुकली, याचंही मला अप्रूप वाटलं.

चीत

आता अंधाऱ्या खोलीत परत जाऊ. सगुणा सिस्टर रोज सकाळी सांगून माझ्या कमरेखाली तळहात सरकवून बघायच्या. पहिल्यापहिल्यांदा हात कोपरापर्यंत सहज जायचा, एवढी पोकळी होती. मग दोन झटक्यांमधलं अंतर जरा वाढत गेलं. हात अडखळायला लागला. पण जायचा.

एका सकाळी मला कमरेखाली काहीतरी टोचलं. मी ओळखायचा प्रयत्न केला. चादरीची चुणी होती. तीन आठवड्यांत मला चादर कधी टोचली नव्हती, कारण चादर आणि माझ्यामध्ये हवा होती. मी हललो नाही. श्वास मोठा घेतला नाही. वाटलं, हललो तर ती चुणी जाईल.

सिस्टर आल्या. "हुसेन, आता कमरेखाली हात घालतेय." थांबल्या. हात घातला. बोटं चादरीवरच अडली. त्यांनी दुसऱ्या बाजूनं घालून बघितला. मग त्या काही न बोलता बाहेर गेल्या.

बाहेरनं रोजचा बारीक आवाज आला. "पाठ टेकली का वो बाई?"

"टेकली."

 मग दारात अंधार झाला. वस्ताद पहिल्यांदाच खोलीत आले होते, अनवाणी, कुंडलचा फेटा दोन्ही हातांत धरून. ते माझ्या पायापाशी उभे राहिले आणि पंचानं बघावं तसं नीट बघितलं. एक खांदा, दुसरा खांदा, पाठ, कंबर. मला त्यांनी लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली होती, की ही अशी जमिनीला टेकू द्यायची नाही. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"चीत," ते कुजबुजले.

उशाशी बसलेली अम्मा इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. "व्हय दादा. पुरता चीत."

मी पुन्हा कुस्ती खेळलो नाही. मणक्याला बाक राहिला तो राहिलाच. वस्तादांनी हौदा सोडला नाही. माती तशीच चाळतात, ताक-हळद तशीच घालतात. फक्त मारुतीच्या कोनाड्यात एक आयोडीनची बाटली आणि साबण आला. कुणी जखम घेऊन आलं की ते आधी आपला उजवा अंगठा मुठीत झाकतात आणि मग दवाखान्याचा रस्ता दाखवतात. आता तर धनुर्वात होऊच नये म्हणून आधी घ्यायची सुई मिळते. घ्या. मला तेव्हा असल्या सुईचं नावही ठाऊक नव्हतं.

मसूरकडच्या त्या माणसाला निघताना मी सांगितलं की पोराच्या उशाशी बसा, रडू नका, हात लावायच्या आधी सांगा आणि थोडं थांबा. रोज सिस्टरना एकच विचारा, पाठ टेकली का. टेकली की त्याच दिवशी मला कार्ड टाका.

त्याला आज नऊ दिवस झाले. पोस्टमन सायकलवरनं आला की मी हातोडी खाली ठेवून रस्त्यावर जातो. आज तो नुसतीच मान हलवून पुढं गेला. आतनं म्हाताऱ्या अम्माचा आवाज आला, "टेकली का रं?"

"न्हाई अजून," मी म्हणालो, आणि तिथंच पायरीवर बसलो.